धुतलेलं झाकण

आईच्या हाती स्क्रूड्रायव्हर लागला की घरातली एकही वस्तू सुरक्षित नसे. ती शिवणकाम करायची, त्यामुळे मशीन उघडून साफ करायची सवय; पण तिथेच थांबेल तर ती आई कसली! मिक्सर, पंखा, रिमोट, दिसेल त्याचं झाकण काढून साबणाने धुवायची, उन्हात वाळवायची आणि परत बसवायची. वर कुणी बोललंच तर म्हणायची, "तुमच्यावर सोडलं असतं तर घराचा उकिरडा झाला असता."

आज ती ताई आणि धाकट्याबरोबर दुरुस्तीच्या दुकानात आली होती. अपघातात धाकट्याचा उजवा हात लुळा पडला होता. एरवी घर डोक्यावर घेणारा हा बडबड्या तेव्हापासून "हं" आणि "नको" एवढ्यावरच आला होता. डॉक्टर झाले, शेजारपाजारचे उपदेश झाले, पण स्वारी ढिम्म. मग ताईला कुठूनसं कळलं, एका हातानं खेळता येईल असा कंट्रोलर मिळतो, फक्त त्यासाठी गेम कन्सोलच्या आत थोडा बदल करून घ्यावा लागतो. ते ऐकून धाकट्यानं मान वर केली होती आणि विचारलं होतं, "खरंच?" त्या एका शब्दानं ताईला आकाश ठेंगणं झालं होतं.

दुरुस्तीवाल्यानं कन्सोल पालथा घातला आणि झाकणावरचं लेबल भिंगातून वाचलं.

"नाही जमायचं हो, ताई. हा बदल फक्त जुन्या बोर्डवर होतो. हे नवं व्हर्जन आहे. जबरदस्ती केली तर आहे ते मशीनही जाईल."

"मग एखादा जुना शोधू की."

"मीच शोधून थकलोय. मिळतच नाहीत आता."

"राहू दे, ताई," धाकटा म्हणाला आणि डाव्या हातानं कन्सोल पिशवीत सरकवायला लागला. उगाच आशा लावली आपण याला, आता हा पुन्हा तोंड उघडायचा नाही, असं वाटून ताईला स्वतःचाच राग आला.

पिशवी धरता धरता तिची नजर त्या लेबलावर गेली. कडा फुगून उचलल्या होत्या, अक्षरं फिकटली होती. अशी लेबलं तिच्या चांगल्या ओळखीची होती. घरातल्या मिक्सरवर होती, पंख्यावर होती.

"आई, तू हा धुतला होतास?"

"फक्त झाकण हं!" आई सावरून बसली. "तुझं आणि याचं, दोन्ही एकदमच धुतली. चांगली खडखडीत वाळवली होती."

"आणि बसवताना कुणाचं कुठलं, ते बघितलंस?"

"त्यात काय बघायचं? दोन्ही काळीच. मापाला बसली, झालं."

ताईनं कपाळावर हात मारला. तिचा कन्सोल धाकट्याच्या कितीतरी नंतर घेतलेला. तो बंद पडून केव्हाच भंगारात गेला होता. गेला, पण याचं झाकण घेऊन गेला!

"उघडा हो," ती जवळजवळ किंचाळली. "लेबलावर जाऊ नका, आतलं बघा!"

दुरुस्तीवाल्यानं स्क्रू काढले, बोर्डच्या कोपऱ्यात छापलेलं व्हर्जन वाचलं, भिंग पुसून पुन्हा वाचलं. मग तो हसलाच.

"जुनाच आहे. डोकं एकाचं नि टोपी दुसऱ्याची! होईल तुमचं काम."

ताईनं रिकामी पिशवी घडी घालून बाजूला ठेवली. छातीवरचा धोंडा उतरावा तसं झालं तिला. डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत. धाकटा मात्र अजून विश्वास बसत नसल्यासारखा बोर्डकडेच बघत होता.

आई पुढे वाकली. "अगं बाई, केवढी ही धूळ! अहो, जरा ओलं फडकं द्या बघू, मी पटकन..."

"आई! हात लावायचा नाही!"

धाकटा ओरडला होता. डावा हात बोर्डवर आडवा धरून, पूर्वीसारखा, दुकानाबाहेर ऐकू जाईल असा.

आईनं हात मागे घेतला आणि ती हसायलाच लागली.

"ओरडला गं," ती ताईला म्हणाली. "माझ्यावर ओरडला."