दाफ्नेच्या कमरेपाशी थांबलेला हात

भट्टी पुरती निवल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे चिनीमातीच्या भांड्यांवर जगणाऱ्या आमच्या लिमोज गावात शेंबडं पोरही जाणतं. बाबांना मात्र धीर नव्हता. सकाळपासून ते सारखे जाऊन दाराला हात लावून येत होते, आणि मला त्यांचा राग येत होता.

आत त्यांची फुलदाणी होती. तिच्या पोटावर जुन्या ग्रीक गोष्टीतली, देवाच्या हाती लागण्याआधी झाड होणारी दाफ्ने पळतेय, तिच्या बोटांना पानं फुटतायत, आणि मागून अपोलो देवाचा हात तिच्या कमरेपाशी पोचतोय. पोचतोय फक्त, लागायचा नाही. सगळी गंमत त्या बोटभर फटीत. भाजताना चिनीमाती मऊ पडते, हात खाली येतो, म्हणून फटीत त्याच कच्च्या मातीचा टेकू ठेवतात. टेकूला पांढरी पूड चोळली की तो चिकटत नाही, नंतर टिचकीसरशी सुटतो.

बाबांचे हात हल्ली कापायचे. आमच्या कारखान्याचे मालक ब्रुयों यांनी स्पष्टच सांगितलं होतं, ही फुलदाणी नीट निघाली तर बाबा घडणावळीच्या बाकावर राहतील, नाहीतर पेंढ्यात माल बांधायला जातील.

दुपारी सूप तळाला आलं तरी त्यांनी वाडग्यात वाइन ओतली नाही. त्या शेवटच्या घोटाशिवाय आमच्याकडे जेवण झालं असं कुणी म्हणत नाही.

"मार्सलीन, पूड लावली होती ना मी?"

"लावली होती, बाबा."

"तू बघितलंस?"

"बघितलं. आता गिळा मुकाट्याने."

मी काही बघितलं नव्हतं. त्यांची येरझार थांबावी म्हणून बोलले. ती थांबली नाहीच.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. फुलदाणीला कुठे तडा नव्हता. बाबांनी टेकूला टिचकी मारली. पुन्हा मारली. मग हातोडीने हलकेच ठोकलं. हात, टेकू आणि कंबर एकजीव झाली होती.

"धरलंस की रे तिला शेवटी," बाबा अपोलोला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, तू बघितलं नव्हतंस."

"नाही, बाबा."

आता त्यांच्या बाकावर मी बसते. ते अंगणापलीकडे पेंढ्यात बश्या बांधतात. टेकू बसवायची वेळ आली की मी तो घेऊन त्यांच्याकडे जाते.

"पूड लावलीस?"

मी टेकू त्यांच्या तळहातावर ठेवते. ते त्यावर बोट फिरवतात, बोट पांढरं झालेलं उजेडात धरून बघतात, आणि मगच तो मला परत देतात.