रामच्या गळ्यातले आवाज

हरिओम हे लिहून ठेवणारच नव्हता. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. ज्याची गोष्ट सांगायची त्याला एकदा गोत्यात आणून झालंच होतं, आता वरून लिहायचं कुठल्या तोंडानं? पण राम म्हणाला, लिही. माझं खरं नाव, गाव आणि घरच्या भाषेचं नाव तेवढं घालू नको. म्हणून हे.

राम हे नाव सरजाबाईंनी ठेवलेलं. परभणीत कृषी विद्यापीठाच्या जवळ त्यांची मेस. इथिओपियाहून ज्वारीवर पीएचडी करायला आलेला हा उंच पोरगा पहिल्या दिवशी जेवायला बसला, नाव सांगितलं. बाईंनी तीनदा म्हणून बघितलं, जीभ काही वळेना. शेवटी ताटात भाकरी टाकत म्हणाल्या, "जाऊ दे बापा, तू राम."

मेसच्या समोर हरिओमचं टायपिंगचं दुकान. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पण दुसऱ्यांचे प्रबंध टाईप करून करून त्याला भलतंच वेड लागलं होतं. एकदा एका वकिलाचे निजामाच्या वेळचे कागद टाईप करताना त्याच्या ध्यानात आलं, की फसल, फैसला, तपशील हे तिन्ही शब्द एकाच घरचे. मग मोबाईलवर शोधत बसला. कळलं की तपशील हा मुळात तफसील, आणि अरबीत तीन व्यंजनं, इथं फ, स, ल, म्हणजे शब्दाची हाडं, स्वर म्हणजे वरचं मांस. मांस बदललं की अर्थ बदलतो, हाडं तीच राहतात. अरबी, हिब्रू, इथिओपियाची अम्हारिक, नायजेरियाकडची हौसा, सगळ्या एकाच मोठ्या कुळातल्या, आफ्रो-आशियाई. शिकवायला कुणी नव्हतं. जे कळेल ते तो व्हिडिओ करून टाकायचा. बघणारे तीनशे, त्यातले निम्मे भावकीतले.

राम प्रबंध घेऊन आला तेव्हा ह्यानं आधी तेच विचारलं. "तुमच्यात बी हाडं असतात का हो शब्दाला?"

राम हसला. "अम्हारिकमध्ये सब्बरे म्हणजे मोडलं. तसब्बरे म्हणजे मोडलं गेलं. सबारी, मोडणारा."

"स, ब, र!" हरिओम खुर्चीतून उठलाच. त्या दिवशी प्रबंधाचं एक पानही टाईप झालं न्हाई.

वर्षभर असंच चाललं. रामची हिंदी आणि सरजाबाईंची मराठी मिळून दोघांची एक तिसरीच भाषा झाली होती. एक दिवस रामनं सांगितलं, की अम्हारिकनं गळ्यातले दोन आवाज कधीचेच टाकून दिलेत. आपण 'अर्ज' म्हणतो तसंच. अरबीत तो अ गळा आवळून काढतात, आपण सपाट करून टाकला. रामच्या घरची भाषा वेगळी, त्याच कुळातली, आणि तिच्यात ते आवाज अजून शाबूत.

"बोलून दाखव की."

रामनं आधी दार लोटून घेतलं, मग म्हणाला, "आमच्या भागाची सरकारशी लढाई झाली. राजधानीत कुणी गळ्यातून बोललं, की लोक वळून बघायचे. माझी बहीण तिथंच एका घरी स्वयंपाक करते, तिथंच राहते. सपाट बोलते. आमी कुठले, तिथं कुणाला ठाऊक न्हाई. हे तुझ्यापुरतं."

"माझ्यापुरतं," हरिओम म्हणाला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

तीन महिने खरंच त्याच्यापुरतं राहिलं. मग एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, परभणीत बसून आफ्रिका शिकवायला निघालाय, ह्यानं ते आवाज आयुष्यात ऐकले तरी असतील का? हरिओमच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं रामचे अडतीस सेकंद उचलले आणि टाकून दिले. नाव न्हाई, चेहरा न्हाई, कुणाला काय कळणार!

व्हिडिओ दोन हजारांवर गेला. तो दर तासाला आकडा बघायचा. इतकं भारी त्याला कधीच वाटलं नव्हतं, आणि हे तो आजही नाकारत न्हाई.

पाचव्या दिवशी भर दुपारी राम दुकानात आला. बसला न्हाई.

"माझा आवाज तू टाकलास?"

"मी? न्हाई रे. कुणीतरी चोरला असंल मोबाईलमधून."

रामनं टेबलावरचा मोबाईल उचलून त्याच्यासमोर ठेवला. हरिओमची मान खाली गेली. "मीच टाकला."

"इथं यायच्या आधी बहिणीसंगं त्याच घरात मागच्या खोलीत राहायचो मी. व्हिडिओ फिरत फिरत तिकडं पोचला. मालकिणीच्या पोरानं आवाज ओळखला. म्हणाला, हा तर तिकडचा निघाला, मग ही बी तिकडचीच. तिला घालवून दिलंय. एवढं तिनं कळवलं, तेव्हापासून दोन दिवस फोन बंद हाय."

"आत्ता काढतो व्हिडिओ."

"काढ. पण तिच्या मालकिणीच्या डोक्यातून काढता येतो का?"

हरिओमनं व्हिडिओ काढला, मोबाईलमधलं मूळ रेकॉर्डिंगही रामच्या समोर पुसलं. त्यानंतर राम मेसला येईना. सरजाबाई दुकानापुढं येऊन उभ्या राहिल्या. "काय केलंस रं लेकराला? धाडलेला डबा बी तसाच परत येतोय त्याचा."  हरिओमचीही भाकरी तशीच पडून राहायची. बाजारातून जाताना मागून कुणी हाक मारली तरी त्याला वाटायचं, आली काहीतरी वाईट बातमी.

नवव्या दिवशी राम आला तो बसला. बहीण सापडली होती. दुसऱ्या एका घरी काम मिळालं होतं, राहायला तिथंच. एकदाच फोन करून तिनं बजावलं होतं, आता तू फोन करू नको. आपण दोघं बोलायला लागलो की दोन मिनिटांत घरच्या भाषेवर येतो, आणि इथं भिंतीपलीकडं माणसं झोपतात. तिला लिहितावाचता येत नव्हतं, मेसेजचाही उपयोग नव्हता.

"तू कर," राम म्हणाला.

"मी? अरे, माझं अम्हारिक म्हणजे..."

"परक्याचं हाय, म्हणूनच. परक्या बोलीवर कुणी संशय घेत न्हाई."

मग शिकवणी सुरू झाली. यिकर्ता, म्हणजे माफी. वंदमिश देहना नौ, तुझा भाऊ बरा हाय. हरिओमनं वर्षभर आरशापुढं घोटलेले आवाज आता मधेच वर यायला लागले. राम टेबलावर बोट आपटायचा. "गळा बंद ठेव. सपाट. अजून सपाट."

रविवारी चार वाजता फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून बहिणीचा बारीक आवाज आला. हरिओमनं आधी माफी मागितली, आपणच तो आवाज टाकणारा हे तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं.  राम समोर उभा होता, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं, डोळे लाल.

"वंदमिश देहना नौ," हरिओम म्हणाला.

मग तिनं विचारलं, जेवतो का तो? एवढं हरिओमला समजलं. रामनं तोंड न सोडताच मान हलवली. "जेवतो," हरिओमनं सांगितलं. फोन बंद झाला.

रामनं हात खाली घेतले. गालावर बोटं उमटली होती. "माफ केलं असं तिनं म्हटलं न्हाई."

"न्हाई म्हटलं."

"मी बी न्हाई म्हटलेलं अजून."

"ठाऊक हाय."

"पुढच्या रविवारी?"

"दर रविवारी," हरिओम म्हणाला. "तू इथं अस, नस. चार वाजता लावीन, सपाटच बोलीन, आन तिनं पुरे म्हणेपर्यंत एक बी रविवार चुकवणार न्हाई."