तोंडीबाईंची ठमी

तोंडीबाई हे काही बाईंचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं एकाच शाळेत त्यांनी गणित शिकवलं. कागदाला हात न लावता हिशोब करणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या तयार केली. त्या पोरांनीच ठेवलेलं हे नाव. बाईंच्या कानावर आलं की त्या वरवर डोळे वटारायच्या, पण मनातून खूश असायच्या.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळत घरी बसतात. बाईंनी कुठल्याशा संस्थेचा अर्ज भरला आणि एकसष्टाव्या वर्षी थेट परदेशातल्या एका खेड्यात, वर्षभर फुकट शिकवायला निघाल्या. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, अगं तिथली भाषा तरी येते का तुला?"

"आकड्यांना कसली आलीये भाषा?" बाई म्हणाल्या आणि बॅगेत खडूंची पेटी कोंबली. तिथे खडू मिळत नसतील असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

शाळा दोन खोल्यांची. मधलं दार फुगलेलं, ते कधी धड लागायचं नाही. कोपऱ्यात चिखलाचे बूट आणि ओल्या छत्र्या. मुलं तेवीस, आणि सगळ्या वर्गांना मिळून एकच शिक्षिका. बाई तिला हेडबाई म्हणायच्या. पस्तिशीची, शिडशिडीत, एका वर्गाला लिहायला देऊन दुसऱ्याला वाचायला लावणारी. दुपारच्या जेवणानंतर गणितात कच्ची असलेली सात मुलं ती मागच्या खोलीत बाईंच्या हवाली करायची. त्यांची नावं बाईंच्या जिभेवर चढेनात, म्हणून बाईंनी आपलीच ठेवली. एक बडबड्या, एक ढोल्या, एक लाडूबाई, असं करत करत शेवटच्या बाकावरची ती ठमी.

ठमी अकरा वर्षांची. आई रस्त्यावरच्या उतारूंच्या निवासात चादरी धुवायची, इस्त्री करायची. पोर इतकी गप्प, की पहिले पंधरा दिवस बाईंना वाटलं हिला ऐकूच येत नाही. भागाकार दिसला की वहीवर हात ठेवून झाकायची.

बाईंना तिथली भाषा मोडकीतोडकी यायची. 'बस', 'ऊठ', 'चूक', 'पुन्हा' एवढ्यावर गाडी चालायची. बाकी सगळं आपल्या भाषेत. बे एक बे, बे दुणे चार, टेबलावर पट्टी आपटत. मुलांना आधी गंमत वाटली, मग ठेका धरला, आणि तीन महिन्यांत मागच्या खोलीतून सव्वीसचा पाढा असा दणदणीत येऊ लागला की दूधवाला गाडी थांबवून ऐकायचा. त्याला अक्षर कळत नव्हतं, पण मान डोलवायचा.

आणि ठमी? ठमीने तर सगळं गिळलं. बाईंनी आकडा उच्चारायचा अवकाश, हिचे ओठ हलायचे आणि उत्तर तयार. बाई बहिणीला फोनवर म्हणाल्या, "अगं, पोरगी म्हणजे नुसतं सोनं! चौतीस वर्षांत अशी मिळाली नाही मला."

हेडबाईने मात्र मोडक्या इंग्रजीत दोनदा टोकलं. "बाई, मुलांना पायऱ्या लिहायला लावा. आमच्याकडे नुसत्या उत्तराला कोणी विचारत नाही. कसं केलं ते ओळीने दाखवावं लागतं."

"हो हो," बाई म्हणाल्या.

आता बाईंचं 'हो हो' ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, त्याचा अर्थ 'तुमचं चालू द्या, मी माझं करते' असा होतो. त्यांच्या मते पायऱ्या म्हणजे कच्च्या पोरांच्या कुबड्या. ठमीने एकदा वहीत दोन ओळी जास्त लिहिल्या तर बाईंनी त्या खोडल्या. "डोक्यात कर, गधडे! डोकं काय वेण्या घालायला दिलंय?"

गावातली शाळा ठमीच्या वर्गापर्यंतच. पुढे तालुक्याच्या वसतिशाळेत जायचं, तर प्रवेशपरीक्षा. आसपासच्या सगळ्या खेड्यांना मिळून बारा जागा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठमीची आई शाळेत आली. दोन्ही मनगटांवर इस्त्रीचे जुने चट्टे. हेडबाईच्या मदतीने बाईंना म्हणाली, "माझं काम वाईट आहे असं नाही. पोट भरतं. पण हिने ते करू नये. जागा मिळाली नाही तर पुढच्या महिन्यापासून ही माझ्याबरोबर चादरी उचलेल. दुसरं काय करणार मी?"

"मिळणार!" बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "माझी जबाबदारी."

परीक्षा झाली. चाळीस गणितं, दीड तास. ठमी पाऊण तासात बाहेर. बाईंना वाटलं, आता गावाला पेढे वाटावेत. आठ दिवसांनी पत्र आलं. हेडबाईने ते उभ्या उभ्या वाचलं आणि बाईंसमोर टेबलावर ठेवून बोट टेकवलं.

चाळीसच्या चाळीस उत्तरं बरोबर. एकाही गणिताला एकही पायरी नाही. सबब, उत्तरं आधी कुठून तरी मिळाली असावीत असा संशय, आणि पेपर रद्द.

बाईंनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. हेडबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी दोनदा सांगितलं होतं." आणि पुढच्या खोलीत वाचन घ्यायला गेली.

बाईंनी बहिणीला फोन लावला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, यात त्या लोकांचं काय चुकलं? चूक तुझी. तुला नेहमी वाटतं, जग तुझ्या पट्टीने चालतं."

"मीठ चोळायला फोन केला नाही मी!"

"मग कशाला केलास?"

 बाईंना रडू आलं. पोरीला चोर ठरवलं, आणि चोर ठरवायला कारण कोण, तर आपण. शेवटी नाक पुसून त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि तेवीस मुलांसमोर म्हणाल्या, "हेडबाई, चूक माझी. मला तालुक्याला घेऊन चला. त्या परीक्षकाला मी सांगते."

बसने चौघी गेल्या. बाई, हेडबाई, आई आणि ठमी. परीक्षकाची खोली लांबट, खिडकीत कागदांचे गठ्ठे, भिंतीवर फळा. परीक्षक वयस्कर, चष्मा कपाळावर, चेहरा इस्त्री केल्यासारखा. बाईंनी आपला गुन्हा मोडक्या भाषेत कबूल केला. जिथे शब्द अडले तिथे हेडबाईने पुरवले.

तो म्हणाला, "उत्तर पाठ करता येतं. रीत पाठ करता येत नाही. मी दोन गणितं घालतो. कसं केलं ते मोठ्याने सांगायचं. तुम्ही कोणी बोलायचं नाही."

त्याने फळ्यावर पहिलं लिहिलं, त्रेचाळीस गुणिले सव्वीस. ठमीने क्षणात खाली उत्तर लिहिलं, १११८.

"कसं?"

ठमी गप्प. आईने पदराचं टोक पिळावं तसा स्वेटरचा काठ पिळायला घेतला. बाईंच्या एकदम लक्षात आलं. पोर कसं सांगणार? तिचा हिशोब तिच्या भाषेत नव्हताच मुळी. तिला रीत सांगायला स्वतःच्या भाषेत शब्दच कोणी दिले नव्हते.

"कसं केलंस?" परीक्षकाने पुन्हा विचारलं. त्याचा हात पेनाकडे जाऊ लागला.

तेव्हा ठमीने डोळे मिटले आणि पट्टी नव्हती म्हणून हातानेच फळ्यावर थाप मारून सुरुवात केली, खणखणीत, अगदी बाईंच्या आवाजात. "सव्वीस चोक एकशे चार! वर शून्य, एक हजार चाळीस! शून्य गिळू नकोस हं, भवाने! सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर! मिळव! अगं मिळव ना, गधडे, झोपलीस काय? अकराशे अठरा!"

 परीक्षकाने चष्मा डोळ्यांवर ओढला. "ही काय बोलतेय?"

"माझी भाषा," बाई चाचरत म्हणाल्या. "सांगू?"

त्याने मान हलवली. बाईंनी एकेक वाक्य उलगडून सांगितलं, तो फळ्यावर पायऱ्या मांडत गेला. मध्येच खडू थांबवून त्याने विचारलं, "आणि हे शेवटचं? उत्तराच्या आधीचं?"

"ते... ते मी तिला गाढव म्हणते."

हेडबाईने तोंडावर हात दाबला. परीक्षक हसला नाही. "म्हणजे तुमचंच तोंडपाठ केलंय हिने. शिव्यांसकट. हे समजणं नव्हे." आणि त्याने दुसरं गणित लिहिलं, सदुसष्ट गुणिले अठ्ठेचाळीस.

बाईंना रीत पाठ होती. सदुसष्ट चोक घ्यायचं, वर शून्य, मग सदुसष्ट आठे, मग मिळवायचं. ठमीही तेच म्हणणार, आणि हा पुन्हा पाठांतर म्हणणार, आणि संपलं.

ठमीने डोळे उघडे ठेवले या वेळी. फळ्याकडे बघत राहिली. मग बाईंच्याच भाषेत, पण आपल्या बारक्या आवाजात, थाप न मारता म्हणाली, "अठ्ठेचाळीस नको. पन्नास धर. सदुसष्ट पन्नास, तेहतीसशे पन्नास. दोन जास्त झाले. सदुसष्ट दुणे एकशे चौतीस. ते परत दे. बत्तीसशे सोळा."

बाई बघतच राहिल्या.

"काय म्हणाली?" परीक्षकाने विचारलं.

बाईंनी सांगितलं.  मग म्हणाल्या, "साहेब, हे मी शिकवलेलं नाही. शपथ घेऊन सांगते. मी असं कधीच शिकवलं नाही."

परीक्षकाने फळ्यावर मांडून पाहिलं. खडू ठेवला. रद्द झालेला पेपर ओढून घेतला, त्यावरचा शेरा खोडून सही केली आणि हेडबाईला म्हणाला, "जागा दिली. पण पहिल्या दिवसापासून पायऱ्या लिहायच्या, आपल्या भाषेत."

हेडबाईने आईला सांगितलं तशी आई तिथेच खुर्चीवर बसून हमसाहमशी रडू लागली. हेडबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. बाई ठमीला घेऊन दारापाशी गेल्या आणि तिच्यासमोर वाकल्या. जेवढे शब्द येत होते तेवढे जमवून त्यांनी विचारलं, "हे कधी सुचलं तुला?"

"खूप दिवस झाले."

"मग वर्गात का नाही सांगितलंस?"

ठमीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग बुटांकडे. "तुम्ही सांगता तस्संच करायचं असतं ना, बाई? वेगळं केलं की तुम्ही चूक म्हणता."

 चौतीस वर्षांतली आणखी किती पोरं अशी गप्प बसली असतील, हा हिशोब काही बाईंना तोंडी करता येईना. त्यांनी ठमीचा खडूने पांढरा झालेला हात धरला, आणि आई डोळे पुसून उठेपर्यंत तो सोडला नाही.