प्विसान्स

यंदा घोड्यांच्या जत्रेत फलकावर नुसतंच ‘उंच भिंत’ लिहिलेलं पाहिलं आणि मॅलकी कॉन्सिडीनचं सकाळीच डोकं फिरलं. घोड्यांनी दर फेरीला उंच होत जाणारी भिंत ओलांडायच्या त्या स्पर्धेला पिढ्यान्‌पिढ्या प्विसान्स म्हणत आले होते. समितीतली पोरं म्हणाली, आजोबा, तो शब्द आता कुणाला कळत नाही.

न कळायला काय झालं? सामर्थ्यासाठीचा जुना शब्द. एके काळी राजांसाठी वापरत. राजे गेले आणि तो घोड्यांच्या वाट्याला आला. मॅलकीचे वडील मात्र तो घरीदारी वापरायचे. समुद्र शांत असला की म्हणायचे, "बघ, याच्यात प्विसान्स आहे." वादळात तोच समुद्र धिंगाणा घालायचा, तेव्हा म्हणायचे, "हा नुसता दंगा." एकदा भांडण ऐन रंगात आलं असताना आईने हातातला पळा खाली ठेवला आणि ती चहा ओतू लागली. वडिलांनी तिलाही तोच शब्द बहाल केला, आणि आई लाजली. ते दिवस आठवले की मॅलकीला अजून भरून येई.

तरी आज त्याला हवा होता स्पर्धेचा कप, अख्खा. शेवटी दोनच घोडे उरले आणि एखाद्या स्वाराने उडी न मारता हात वर केला, की कप दोघांत वाटला जाई, अशी रीत होती. वडिलांनी दरवेळी हात वर केला. त्यांच्या धाकाने मॅलकीनेही केला. त्यामुळे कपावर कॉन्सिडीन हे नाव कधी एकटं कोरलं गेलंच नाही. आता तबेला विकायला काढला होता. ही करडी घोडी शेवटची, आणि तिच्यावर नात सोर्चा.

संध्याकाळी दोघंच उरले: सोर्चा आणि हेहरांचा मुलगा. लाकडी खोक्यांच्या त्या लाल भिंतीवर आणखी एक थर चढला. हेहरच्या घोड्याने वरचा थर पाडला. आता करडीने भिंत साफ ओलांडली की कप एकट्या कॉन्सिडीनांचा. मॅलकीने मैदानाभोवतीचा दोरखंड घट्ट धरला. ‘उडव,’ तो मनात म्हणत होता. सोर्चाने घोडी भिंतीकडे वळवली, तिला दोन ढांगा टाकू दिल्या, लगाम खेचला आणि हात वर केला.

लोक हळहळले. मागून कुणीतरी म्हणालं, कॉन्सिडीनांच्या रक्तातच माघार आहे. गर्दीतून वाट काढत मॅलकी फाटकापाशी गेला.

सोर्चा खाली उतरली. "आजोबा, रागावलात?"

"रागावलोय," तो म्हणाला. "मला कप हवा होता. मी असतो तर उडवली असती."

"माहितेय मला. म्हणून तर तुमच्याकडे बघितलंच नाही."

तो खोगिराचा पट्टा सैल करायला वाकला. वाकताना तोल गेला, म्हणून त्याने घोडीच्या पुढच्या पायाचा आधार घेतला. पाय थरथरत होता, खांद्यापासून खुरापर्यंत. दोराबाहेरून हे काहीच दिसलं नव्हतं. वर बसलेल्या पोरीला मात्र ते मांडीखाली कळलं होतं.

आणखी एक उडी, आणि करडी मोडली असती.

मॅलकीने पट्टा सोडून खोगीर उतरवलं. मग त्याने अंगातला कोट काढून घोडीच्या पाठीवर टाकला आणि सोर्चाला म्हणाला, "तू जा, तुझा अर्धा कप घेऊन ये. मी हिला धरतो."