व्हर्लिन आणि सत्तर टक्के उजेड

आमच्या ओमाहा शहरात गाडीच्या पुढच्या दारांच्या काचांतून पस्तीसच टक्के उजेड आत गेला तरी पोलीस शीळ घालत निघून जातो. मिसुरी नदीचा पूल ओलांडलात, आयोवा राज्य लागलं, की सत्तर टक्के पाहिजे. गाडी तीच, माणूस तोच. पुलाच्या या टोकाला सज्जन, त्या टोकाला गुन्हेगार. त्या पुलाच्या जिवावरच माझं दुकान चालतं. इकडच्यांना काळी फिल्म चिकटवून देतो, तिकडे राहायला जाणाऱ्यांची खरवडून देतो.

व्हर्लिन माझा जोडीदार. फिल्म लावून झाली की तो आत बसून बोटं दाखवायचा आणि मी बाहेरून किती ते ओळखायचं. ही आमची तपासणी. गिऱ्हाईक शेजारी उभं असलं की हटकून मधलं एकटं बोट! मार्चमध्ये गेला बिचारा. शवपेटीत त्याच्या चष्म्याला मी गुपचूप फिल्म लावून दिली. त्याची बायको आयोना रडता रडता फिस्सकन हसली होती.

ऑक्टोबरात ती त्याचीच गाडी घेऊन दुकानात आली. लेकीकडे, आयोवात राहायला गेली होती. तिकडची नंबरप्लेट लागली आणि पोलिसाने पकडलं. आज पुढच्या काचा साफ करून दाखवायच्या, नाहीतर गाडी जप्त.

"काढ फिल्म, मर्व," ती म्हणाली. "पण हळू काढ."

"का गं? काचेला दुखतंय?"

"तो आत आहे."

मी खो खो हसलो. ती हसली नाही. "बाहेरून बघ. दार उघडलं की नसतो."

ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या काचेला नाक लावलं. आत टोपी. टोपीखाली खांदे. म्हटलं, शाब्बास, आमच्या संगतीत राहून ही पण शिकली, बुजगावणं बसवलंय! दार खाडकन उघडलं. सीट रिकामी, हाताला गारढोण. दार लावलं. टोपी परत. मग आतून हात वर आला.

"तीन," माझ्या तोंडून गेलं. सवयीने.

बोटं मिटली.

"खरंय ना?" आयोना म्हणाली. "फिल्म गेली तर तोही जाईल."

"आणि ठेवली तर गाडी जाईल. तिच्याबरोबर तो."

तिने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "काढ."

वाफ दिली, कोपरा सुटला, आणि मी सोलायला लागलो. फिल्म निघेल तशी आधी टोपी गेली, मग चष्मा, मग खांदा. माझ्या हातात नुसती चिकट, ओली फिल्म राहिली. काच लख्ख, सीट लख्ख रिकामी. आयोनाने काचेवर तळवा टेकवला. मी ड्रायव्हरकडचीही काच सोलली आणि त्याच्या बाजूची फिल्म तिच्या हातात दिली.

तिला एकटीला कशी सोडू? मीच गाडी चालवत पूल ओलांडला. ती शेजारी त्याच्या सीटवर, चुरगळलेली फिल्म मांडीवर घेऊन.

चौकीसमोर पोलीस बाहेर आला, तरणा, गंभीर तोंडाचा. काचेला उजेड मोजायचा मीटर लावला. "बहात्तर. पास."

"मागच्या काचा?" मी विचारलं. त्या अजून काळ्याकुट्ट होत्या.

"मागे कितीही काळं चालतं आमच्याकडे." तो मागे गेला, काचेशी वाकला आणि लालबुंद होऊन परत आला. "मॅडम, मागे बसलेल्या साहेबांना सांगा, पोलिसाला असलं बोट दाखवत नाहीत."

तो पाय आपटत आत निघून गेला. आयोनाने माझं मनगट घट्ट धरलं. मागे वळून बघायची दोघांचीही छाती होईना. माझ्या मानेवर गार वाऱ्याची झुळूक आली. काचा तर बंद होत्या.

"व्हर्लिन," ती समोर बघतच म्हणाली, "हात खाली."

मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली.