अरुंद गळ्याचा फीडर

ऑर्विन टॅगार्टनं आणलेला फीडर पाहून व्हर्डी लंट आधी हसली, मग चिडली आणि मग पुन्हा हसली. पाऊण गॅलन साखरपाणी मावेल अशी काचेची ढेरपोटी बाटली, खाली लाल तबकडी आणि तबकडीला आठ भोकं.

"हमिंगबर्डना पाजायचंय की घोड्यांना?" तिनं कुंपणापलीकडून विचारलं.

"जुलै आलाय. गर्दी होईल," ऑर्विन म्हणाला, आणि त्याचा त्या दिवसाचा शब्दांचा साठा संपला.

माणूस वाईट नव्हता, पण बोलायच्या बाबतीत महाकंजूस. कोलोरॅडोच्या त्या डोंगराळ खोऱ्यात त्यानं चाळीस वर्षं विहिरींचे पंप दुरुस्त केले. लांबून पाइप बघून त्याचं माप सांगायचा आणि ते कधी चुकायचं नाही. व्हर्डीनं त्याच डोंगरांतून सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. ती विधवा, तो विधुर, मध्ये कमरेएवढं कुंपण. बोलण्याचे विषय दोनच, पंप आणि हमर. खोऱ्यात हमिंगबर्डला सगळे हमरच म्हणत. तिसऱ्या विषयाची व्हर्डी दोन वर्षं वाट पाहत होती.

आता वाट पाहायलाही जुलैच्या शेवटच्या रविवारपर्यंतचीच मुदत होती. दूर ओमाहा शहरात राहणाऱ्या मॅरिसनं, तिच्या लेकीनं, आईसाठी खोली रंगवून ठेवली होती. त्या रविवारी हो म्हटलं की अंगणात घर विकायची पाटी लागणार. व्हर्डीला जायचं नव्हतं. ऑर्विननं त्याआधी तोंड उघडलं तर राहायचं, नाही तर जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सदुसष्टाव्या वर्षी असलं काही सांगायची तिलाच लाज वाटत होती.

तिकडे फीडरनं रंग दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, तिसऱ्या दिवशी बाटलीच्या खांद्यात काळी बुरशी धरली. उन्हाळ्यात फीडर एवढासा असो की एवढा, दिवसाआड घासायलाच लागतो, हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण ऑर्विनचे पंजे फावड्यासारखे. बाटलीच्या गळ्यात त्याची चार बोटं जेमतेम शिरायची. ब्रश वाकवून झाला, तांदूळ आणि पाणी घालून बाटली खळखळवून झाली, बुरशी ढिम्म.

"आण इकडे," व्हर्डी म्हणाली. तिचा हात सुळ्‌कन कोपरापर्यंत आत गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तेव्हापासून दर दिवसाआड सकाळी सात वाजता ऑर्विन तान्ह्या बाळासारखी बाटली पोटाशी धरून तिच्या स्वयंपाकघराच्या दारात हजर. ती गरम पाण्यानं घासायची. तो तिच्याच शेगडीवर पाक ढवळायचा, साखर एक कप, पाणी चार कप, रंगाचा थेंब नाही. मग ते निवेपर्यंत दोघं कॉफी प्यायची. निवायला वेळ लागायचा. व्हर्डीला वाटायचं, आणखी लागू दे.

"चाळीस वर्षं पाइपांत घालवलीस आणि बाटलीचा गळा दिसला नाही तुला?" ती टोमणा मारायची.

"चुकलं," तो कपात बघून म्हणायचा.

मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शेरीफ आला. म्हणजे तांबूस रंगाचा, अंगठ्याएवढा हमर. तो कुंपणाच्या तारेवर ठाण मांडून बसला आणि आठ भोकांचा तो एवढा थोरला फीडर एकट्यानं राखायला लागला. कोणी जवळ आलं की हा तीरासारखा अंगावर. बाकीचे बिचारे पंख किणकिणवत वर घिरट्या घालताहेत आणि खाली ऑर्विन टोपी हलवत ओरडतोय, "अरे टिचभर पोट तुझं! त्यात मावतंय किती?" व्हर्डी हसून हसून पायरीवरच बसली.

"दुसरा फीडर लाव," ती डोळे पुसत म्हणाली. "घराच्या कोपऱ्याआड. त्याला एका वेळी दोन्ही दिसता कामा नयेत."

"तुझ्या खिडकीपाशी लावू?" ऑर्विननं एवढ्या झटकन विचारलं की ती डोळे पुसायची थांबली.

"माझ्या? मी चालले ओमाहाला. मॅरिसला उद्या हो म्हणणार आहे."

ऑर्विनच्या हातातली टोपी पडली. त्यानं ती उचलली, झटकली, उलटी डोक्यावर घातली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ओमाहात हमर फारसे नसतात," तो म्हणाला.

बस, एवढंच! व्हर्डीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गाडीत बसली आणि थेट गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

"ग्लेना, रुंद तोंडाचा फीडर दे," ती गल्ल्यावर हात आपटून म्हणाली. "त्या टॅगार्टची दोन्ही फावडी आत जातील असा. मी गेल्यावर घासू दे त्याचं त्याला."

ग्लेना चष्म्यावरून बघत राहिली. "अगं, तसलाच त्यानं आधी नेला होता की! दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. म्हणाला, सगळ्यात अरुंद गळ्याचा दे. मी म्हटलं, बाबा रे, तुझा हात जायचा नाही त्यात. तर म्हणतो कसा, 'नाहीच जायला पाहिजे.'"

"काय?"

"आणि खिशातून बाईमाणसाचा हातमोजा काढला. बागकामाचा, पिवळा, वर डेझीची फुलं. त्यात कागद कोंबून एकेका बाटलीत घालून बघत बसला. तासभर! मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं."

डेझीचा पिवळा हातमोजा व्हर्डी जूनपासून शोधत होती. कुंपणाच्या खांबावर ठेवलेला, गायब झाला होता. तिनं नुसतं "अस्सं!" म्हटलं आणि काहीच न घेता निघाली. परतताना गाडीत ती एकटीच मोठमोठ्यानं हसत होती आणि मधूनच रडतही होती.

ऑर्विन अजून तिथेच, टोपी उलटी.

"माझा हातमोजा दे," ती म्हणाली.

"कुठला?"

"ताकाला जाऊन भांडं लपवतोस? डेझीचा!"

ऑर्विन फीडरच्या तबकडीइतका लाल झाला. त्यानं शर्टाच्या खिशातून हातमोजा काढला. आतला कागद अजून तसाच होता.

"हाताचं माप घ्यायला तासभर मिळाला तुला," व्हर्डी म्हणाली. "आता हात मागायला किती वर्षं घेणार आहेस?"

त्यावर ऑर्विन इतकं बोलला, इतकं बोलला, की शेरीफसुद्धा तारेवरून उडून गेला.

रविवारी मॅरिसचा फोन आला तेव्हा व्हर्डीचा हात बाटलीत होता. ऑर्विननं फोन तिच्या कानाला लावून धरला.

"मग आई, येतेस ना?"

"नाही गं. हात अडकलाय माझा."

"अगं बाई! कशात?"

व्हर्डीनं ऑर्विनकडे पाहिलं. त्याच्या खिशातून डेझीचं एक फूल डोकावत होतं.

"शेजाऱ्याच्या फीडरात," ती म्हणाली. "आणि त्याचं माप कधी चुकत नाही, आता हात निघायचा नाही."