मामाच्या मापाची

मामा गेले आणि त्यांची खास घडवून घेतलेली नेमबाजीची रायफल भाचीच्या वाट्याला आली. "विकून टाक, लाखांत जाईल," मामेभाऊ म्हणाले. त्या लाखांच्या नादात भाची तरंगतच बंदुकांच्या दुकानात शिरली.

दुकानदाराने रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती खांद्याला लावली, आणि त्याचा चेहरा लिंबू चोखल्यासारखा झाला. मान वाकडी, कोपर भलतीकडे, डोळा काही नळीच्या रेषेत येईना.

"नळी उत्तम आहे, ताई. पण हा लाकडी दस्ता एकाच माणसाच्या मापाचा आहे. डावखुरा, हात हे एवढे लांब आणि मान जवळजवळ नाहीच. असं ध्यान पुन्हा जन्माला यायचं नाही. नळीचे काय ते पैसे येतील, दस्त्याचं सरपण."

भाचीला हसू आवरेना. फोटो काढताना आई दरवेळी म्हणायची, "मान वर कर गं, असली तर." तिच्या बाह्यांपुढे तर दोन शिंप्यांनी हात टेकले होते.

तिने डाव्या हाताने रायफल उचलली. गाल लाकडावर असा टेकला, जणू रोजचीच उशी. जन्मात पहिल्यांदाच तिला एखादी वस्तू न उसवता बसली होती. समोरच्या घड्याळातला सहाचा आकडा नेमात आला आणि तिच्या हसण्याने पुन्हा उड्या मारू लागला.

"मग नळीचा भाव सांगू?" दुकानदाराने विचारलं.

"थांबा हो," गाल न हलवता ती म्हणाली, "आधी गोळ्यांचा सांगा."